काँग्रेस, अमेरिकेची सदतिसावी
अमेरिकन यादवी युद्धाच्या पूर्वार्धात (१८६१–६३) काम केलेले संघराज्याचे द्विसदनी विधिमंडळ. फोर्ट सम्टरवरील हल्ल्यानंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी ४ जुलै १८६१ पासून तिचे विशेष अधिवेशन बोलावले. फुटून निघालेल्या राज्यांचे बहुतेक सदस्य नसल्याने रिपब्लिकन पक्षाचे बहुमत भक्कम होते. पाच आठवड्यांच्या आत २५ कोटी डॉलरचे कर्ज, ५ लाख स्वयंसैनिकांची भरती आणि देशातील पहिला प्राप्तिकर मंजूर झाला.

सर्वांत दूरगामी ठरला तो २५ फेब्रुवारी १८६२ चा चलन कायदा. त्याने सोन्याचे पाठबळ नसलेल्या १५ कोटी डॉलरच्या नोटा कायदेशीर चलन ठरल्या, आयातशुल्क व कर्जरोख्यांवरील व्याज मात्र नाण्यांतच द्यावे लागे (पाहा : ग्रीनबॅक, स्टीव्हन्स, थॅडिअस). मार्च १८६३ च्या सक्तीच्या लष्करभरतीतून ३०० डॉलर भरून सुटका मिळे. ही तरतूद गरिबांवर उघड अन्याय करणारी होती.

सेनानी व मंत्री यांच्या नेमणुकांना सीनेटची संमती लागे. युद्धमंत्री स्टँटन यांना ती जानेवारी १८६२ मध्ये मिळाली. डिसेंबर १८६१ मध्ये नेमलेल्या संयुक्त युद्धसमितीने (अध्यक्ष : बेंजामिन वेड) सेनानींच्या साक्षी घेतल्या. चलन कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १८७१ मध्ये मान्य केली.