फारकतीचा कागद

सुखाने नांदणाऱ्या जोडप्यास आपसांत कागद करण्याची गरज क्वचितच भासते. ती भासते विभक्त होताना. घर कोणाकडे, दागिने कोणाचे, पोटगी किती, हे लिहून उभयता सह्या करतात. परंतु पुढे एकाने शब्द फिरविला, तर त्या कागदाची किंमत काय? हा प्रश्न फार जुना आहे.

कॅरोलिन नॉर्टन ही इंग्लंडमधील नामांकित लेखिका, नाटककार शेरिडन यांची नात. १८२७ साली जॉर्ज नॉर्टन या बॅरिस्टरशी तिचा विवाह झाला. १८३६ साली दोघे विभक्त झाली. तीनही मुलगे बापाने आपल्या ताब्यात ठेवले. १८४८ साली त्याने तिला वर्षास ५०० पौंड देण्याचे लिहून दिले. १८५१ साली तिची आई निवर्तली व मृत्युपत्रान्वये तिला वार्षिक ४८० पौंड मिळू लागले. नॉर्टनने तत्काळ हात आखडता घेतला. १८५३ साली तिचे बिल थकलेल्या गाडी-कारखानदाराने त्याच्यावरच फिर्याद केली, तेव्हा हा कागद न्यायालयात निघाला. पतिपत्नी कायद्याने एकच. सबब पत्नीशी केलेला करार आपणांस बांधत नाही, अशी त्याची भूमिका होती. तत्कालीन कायद्यात तिला आधार होता. तिच्या लेखणीची कमाईदेखील कायद्याने पतीचीच होती!

१८५५ साली तिने राणी व्हिक्टोरियाला उद्देशून पत्र छापून प्रसिद्ध केले. १८५७ च्या कायद्याने न्यायालयामार्फत विभक्त झालेल्या पत्नीस स्वतःच्या नावे करार व दावा करण्याचा अधिकार मिळाला. १८८२ च्या कायद्याने सर्वच विवाहितांचा मालमत्तेचा हक्क मान्य केला.

आपल्याकडे स्त्रीधनाची परंपरा पुरातन. हिंदू पत्नीस कायदा पतीत विलीन मानीत नसे. तरीही कागद येथेही कोसळला. एका बंगाली गृहस्थाने आपसांतील कलहाचा उल्लेख करून पत्नीस वेगळे घर व खर्च देण्याचे लिहून दिले, दस्त नोंदविलाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मोबदल्यावाचून दिलेले वचन सहसा निरर्थक. जवळच्या नात्यातील प्रेमापोटी लिहून नोंदविलेले मात्र ग्राह्य. १९०० साली कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटले की, दस्तात कलहच नमूद आहे, मग प्रेम कोठले? मोबदलाही नाही. वचन अंमलात आले नाही.

श्रोतेहो, या दोन प्रकरणांची कारणे भिन्न, बोध एकच. केवळ सहीवर विसंबू नये. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद आली. त्या वेळी ठरलेल्या अटी न्यायालयाच्या हुकूमनाम्यात उतरवून घेता येतात. मग तो केवळ पतीचा शब्द राहत नाही. त्याने टाळाटाळ केल्यास पत्नीस नव्याने दावा मांडावा लागत नाही; दरखास्त देऊन जप्तीही आणता येते. तुटलेल्या संसारात माया उरत नाही, हे खरे. म्हणूनच तेथे शब्दामागे कायद्याचे बळ उभे असावे लागते.