गळाला लागतील त्या पेशी

मेलबर्नचे डॉ. थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी १८६९ साली कॅन्सरने गेलेल्या एका माणसाचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्याच्या अंगावरच्या गाठींत होत्या अगदी तशाच पेशी त्यांना रक्तातही दिसल्या. ओळख पटली ती फक्त रूपावरून, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षं रूपावरच भागवावं लागलं. ते नडलंच. १९५०च्या दशकात रक्तातल्या कॅन्सरपेशी शोधण्याची मोठी लाट आली. पुढच्या दशकात त्याच काचपट्ट्या पुन्हा तपासल्या, तेव्हा ‘कॅन्सर’ म्हणून मोजलेल्या कितीतरी पेशी अस्थिमज्जेतून आलेल्या साध्या मेगाकॅरिओसाइट निघाल्या. विषय थंडावला.

मग लागली ती रेणूंची खूण. तिचा जन्म मात्र या शोधासाठी झालाच नव्हता. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी केंब्रिजला एकाच साच्याच्या अँटिबॉडी बनवण्याची रीत शोधली. चारच वर्षांत फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये हिलरी कोप्रोव्हस्की यांच्या गटाने उंदरांना माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशी टोचल्या आणि त्यातून ‘१७-१ए’ ही अँटिबॉडी मिळवली. ती पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटते, त्याला आज एपकॅम म्हणतात. इतर प्रयोगशाळांनाही हेच प्रथिन सापडत होतं आणि प्रत्येकीने त्याचं वेगळं बारसं केलं होतं. सगळी नावं एकाचीच आहेत हे कळायला वेळ लागला.

हेतू औषधाचा होता. १९९५ मध्ये जर्मनीत १७-१एला आतड्याच्या कॅन्सरवरचं औषध म्हणून परवानगीही मिळाली, पण पुढच्या मोठ्या चाचण्यांत तिचा टिकाव लागला नाही. औषध म्हणून ती बाद झाली. तिने दाखवलेली खूण मात्र रक्ताच्या तपासणीत कामाला आली.

कारण साधं आहे. बहुतेक कॅन्सर अवयवांच्या अस्तराच्या पेशींतून उगवतात; एपकॅम या पेशींवर असतं, रक्तपेशींवर सहसा नसतं. १९९८ मध्ये जोनाथन उर, लिऑन टर्स्टापेन आणि सहकाऱ्यांनी एपकॅमची अँटिबॉडी लोहकणांवर बसवून रक्तातल्या कॅन्सरपेशी चुंबकाने ओढून काढल्या. त्यातून सेलसर्च हे यंत्र घडलं. ते ७.५ मिलिलिटर रक्त घेतं. एवढ्या रक्तात पांढऱ्या पेशीच पाचेक कोटी असतात, आणि शोधायच्या असतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून एका खुणेवर भागत नाही. ओढून घेतलेल्या पेशीत केंद्रक हवं, सायटोकेराटिन ८, १८ वा १९ हे अस्तराच्या पेशींतलं प्रथिन हवं आणि पांढऱ्या पेशींची सीडी४५ ही खूण नसावी. ‘काय नाही’ हेही इथे पुरावा असतं, आणि मला या पद्धतीतलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल हेच वाटतं.

२००४ मध्ये कॅन्सरतज्ज्ञ क्रिस्टोफानिली यांनी पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या १७७ स्त्रियांचा अभ्यास छापला: अशा पाच किंवा जास्त पेशी असल्या की आयुष्य कमी. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने यंत्राला हिरवा कंदील दाखवला.

तेव्हापासून ‘रक्तातली कॅन्सरपेशी’ म्हणजे व्यवहारात ‘एपकॅमच्या गळाला लागलेली पेशी’ असं होऊन बसलं. गंमत अशी, की एपकॅम हा पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा रेणू. गाठ सोडून निघालेली पेशी पुष्कळदा अस्तराचा स्वभाव टाकते, आणि त्याबरोबर ही खूणही पुसट होते. म्हणजे जी पेशी सर्वांत धोक्याची असू शकते, तीच निसटायची शक्यता जास्त. मेलानोमा आणि सार्कोमा तर अस्तरातून उगवतच नाहीत. तिथे हा गळ रिकामाच वर येतो.

गळ मात्र टिकून आहे. पुण्यात तयार झालेली ‘ऑन्कोडिस्कव्हर’ चाचणीही एपकॅमच्याच आधाराने पेशी पकडते. रक्तातल्या कॅन्सरपेशीच शोधणाऱ्या, नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या स्तनकॅन्सर चाचणीला २०२१ मध्ये एफडीएचा ‘ब्रेकथ्रू’ दर्जा मिळाला. तो दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, हे बातम्या वाचताना विसरलं जातं.

मोजून उपयोग काय, याचं उत्तर २०१४ मध्ये दोन बाजूंनी आलं. अमेरिकेतल्या एका चाचणीत केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही पेशी कमी न झालेल्या १२३ स्त्रियांपैकी निम्म्यांचं औषध लगेच बदललं. आयुष्य वाढलं नाही. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या अँटोनाराकिस यांनी प्रोस्टेट कॅन्सरमध्ये पकडलेल्या पेशींच्या आत डोकावून एआर-व्ही७ हा आरएनए शोधला. तो ज्यांच्यात सापडला, त्या रुग्णांना एन्झालुटामाइड किंवा अ‍ॅबिराटेरोन ही औषधं लागू पडली नाहीत.