बसऱ्याच्या वाटेने आलेला टिका

वऱ्हाडात, आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, साठी ओलांडलेल्या माणसांच्या हातावर गोल, चपटा, किंचित खोलगट व्रण दिसतो. घरातल्या बुजुर्ग बायका त्याला ‘देवीचा टिका’ म्हणतात. देवीचा रोग जगातून गेला, टोचणारे गेले, व्रण तेवढा राहिला. तो कोणत्या वाटेने आमच्यापर्यंत आला याची चौकशी आमच्यात फारशी झालेली नाही. लस इंग्रजांनी आणली आणि सरकारने टोचली, एवढेच आम्ही धरून चालतो. हे अर्धेच खरे आहे.

दहाव्या शतकाच्या सुमारास रै आणि बगदाद येथे वैद्यकी करणाऱ्या अबू बक्र अल-राझी यांनी देवी आणि गोवर या दोन रोगांवर ग्रंथ लिहिला व त्यांची लक्षणे वेगळी करून दाखवली. देवी एकदा येऊन गेली की त्या माणसाला सहसा पुन्हा येत नाही, हे का, याचाही त्यांनी विचार केला. लहान मुलाचे रक्त ताज्या द्राक्षरसासारखे असते, ते एकदा आंबून उकळले की पुन्हा उकळत नाही, असे त्यांचे उत्तर होते. उत्तर आज टिकत नाही. प्रश्न मात्र नेमका होता.

पुढे तुर्कस्तानात देवीच्या फोडातला पू निरोगी मुलांच्या कातडीत टोचण्याची चाल होती. इस्तंबूलला राहिलेल्या इंग्रज वकिलाच्या पत्नीने, लेडी मेरी माँटेग्यू यांनी, १७१८ मध्ये आपल्या मुलाला तसे टोचून घेतले आणि ती युक्ती लंडनला नेली. १७९६ मध्ये जेन्नर यांनी माणसाच्या देवीऐवजी गोस्तनदेवीचा पू वापरला आणि धोका पुष्कळ कमी झाला.

पण ही लस हिंदुस्थानात पोहोचेना. जहाजाच्या लांबच्या प्रवासात उष्णतेने ती निकामी होई. शेवटी व्हिएन्नाचे डॉ. द कारो यांनी पाठवलेली लस इस्तंबूल, बगदाद, बसरा अशी आली. बसऱ्याला ती एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जिवंत ठेवली गेली आणि तिथून मुंबईला निघाली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. त्या एका मुलीच्या फोडातून इतर मुलांना, आणि पुढे पुणे, सुरत, हैदराबादकडे लस गेली. आमचा वऱ्हाड तेव्हा निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या ओढाताणीत होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या कारभारात गेला. आमच्या खेड्यापाड्यांत टोचणी रुळायला त्यानंतरही बराच काळ गेला.

आता राझींच्या प्रश्नाचे आजचे उत्तर. कातडीखाली काही पहारेकरी पेशी असतात. शिरलेल्या जंतूला त्या गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे काखेतल्या गाठींपर्यंत नेतात. टोचल्यावर काखेत अवधाण येते ते यामुळेच. त्या गाठींत असंख्य पांढऱ्या पेशी असतात, प्रत्येकीचा साचा निराळा. ज्या थोड्या पेशींचा साचा त्या तुकड्याशी जुळतो, त्याच वाढू लागतात. काही प्रतिपिंडे तयार करतात. ती जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. काही थेट रोगग्रस्त पेशींनाच मारतात. स्वतःच्या शरीरावर उलटू शकणाऱ्या पुष्कळशा पेशी छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत आधीच बाद केलेल्या असतात. पहिल्या वेळी या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात रोगी हातचा जाऊ शकतो. लढाई संपली की बहुतेक पेशी मरतात, थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात. दुसऱ्यांदा तोच शत्रू आला तर त्या त्याला लगेच ओळखतात. गोस्तनदेवीची आणि माणसाच्या देवीची ठेवण इतकी सारखी की एकीची ओळख दुसरीला पुरते. लस म्हणजे रोगाचा दंड न भरता मिळालेली याददाश्त.

ती घ्यायला आमची माणसे तयार होती की नव्हती? दोन्ही दाखले आहेत, आणि दोन्ही मुंबईचेच. प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. सर सुलतान मुहंमद शाह आगाखान यांनी त्यांना प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला, लोकांसमक्ष स्वतः टोचून घेतले, आणि हजारो खोजांनी त्यांचे अनुकरण केले. उलट ९ मार्च १८९८ रोजी जुलाह्यांच्या वस्तीत आजारी मुलीची तपासणी करायला आलेल्या पथकावरून दंगल उसळली. परका माणूस जनानखान्यात शिरतो याचा तो संताप होता. आम्हाला त्यात धर्मापेक्षा विश्वासाचा प्रश्न दिसतो. सैलानी बाबांची लाखोंच्या गर्दीची यात्राही २०२० मध्ये रद्द झालीच.

आणि प्रश्न संपलेला नाही. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथल्या आमच्याच वस्त्यांत गोवराची साथ आली. दगावलेल्या मुलांपैकी बहुतेकांना लस मिळालेली नव्हती. गोवर म्हणजे अंगावर पुरळ, चार दिवसांत जाईल, असे आमच्याकडे अजून बोलले जाते. राझींनी मात्र त्याला देवीपेक्षा भयंकर मानले होते, आणि त्याचे एक कारण आता कळले आहे. गोवराचा विषाणू स्मृतिपेशींवरच घाला घालतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोवर होऊन गेलेल्या मुलांच्या रक्तातली ११ ते ७३ टक्के जुनी प्रतिपिंडे नाहीशी झालेली आढळली. शरीराने आधी ओळखलेले शत्रूही पुन्हा अनोळखी होतात. ती मुले नेदरलँड्समधल्या, लस न घेणाऱ्या सनातनी ख्रिस्ती समाजातली होती. तेव्हा हा दोष एकट्या आमच्या माथी कोणी मारू नये.

निसर्गतः देवी झालेला जगातला शेवटचा रुग्ण सोमालियातला अली माओ मालिन. तो मर्का गावच्या इस्पितळात स्वयंपाकी होता, आणि सुईच्या भीतीने त्याने लस टाळली होती. १९७७ च्या ऑक्टोबरात त्याला देवी आली, तो वाचला. पुढे पोलिओच्या मोहिमेत तो आयाबायांना आपलीच हकिगत सांगत घरोघर हिंडे. २०१३ मध्ये त्याच कामावर असताना मलेरियाने तो वारला.