जुन्या जखमा पुन्हा का उघडल्या?

इ.स. १७४० मध्ये कमोडोर जॉर्ज अॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश आरमाराची काही जहाजे दक्षिण अमेरिकेला वळसा घालून प्रशांत महासागराकडे निघाली. ही मोहीम १७४४ पर्यंत चालली आणि तीत हजाराहून अधिक माणसे मेली. शत्रूच्या तोफगोळ्यांनी मेलेले त्यांत अगदी थोडे होते. बाकीच्यांचा बळी रोगांनी घेतला आणि त्या रोगांत स्कर्व्ही आघाडीवर होता.

या मोहिमेचा वृत्तान्त १७४८ मध्ये जहाजावरील धर्मोपदेशक रिचर्ड वॉल्टर यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात एका म्हाताऱ्या सैनिकाची हकिगत आहे. १६९० मध्ये आयर्लंडमधील बॉइनच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखमा लवकरच भरून आल्या. पण पन्नास वर्षांनी या सफरीत त्याला स्कर्व्ही झाला, तेव्हा त्या जखमा कधी भरल्याच नव्हत्या अशा पुन्हा उघडल्या. एवढेच नव्हे, तर फार पूर्वी सांधलेले त्याचे हाडही सुटले.

आपल्या पाठ्यपुस्तकातील तक्त्यात स्कर्व्हीला एकच ओळ मिळते: 'क जीवनसत्त्वाच्या अभावी हिरड्यांतून रक्त येते.' विद्यार्थी ती पाठ करतात आणि पुढच्या ओळीकडे वळतात. पण एका पदार्थाच्या अभावाने त्वचेवर डाग, हिरड्यांना सूज आणि अर्ध्या शतकापूर्वीच्या जखमांची फेरउघडणी हे सारे कसे घडते? या प्रश्नाचे उत्तर मिळायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

आंबटपणाचा गुण नव्हे

मे १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावरील डॉक्टर जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले. सर्वांचे रोजचे जेवण सारखे ठेवले आणि दोन-दोनांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कोणाला सफरचंदाची सायडर, कोणाला सौम्य गंधकाम्ल, कोणाला व्हिनेगर, तर कोणाला समुद्राचे पाणी. एका जोडीला लसूण, मोहरी वगैरेंचे चाटण मिळाले. उरलेल्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले. सहा दिवसांत फळे संपली, पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक जण कामावर जाण्याइतका बरा झाला होता.

आम्लाने स्कर्व्ही बरा होतो अशी त्या काळी समजूत होती. गंधकाम्ल आणि व्हिनेगर ही दोन्ही आम्लेच, पण त्यांचा उपयोग झाला नाही. याचा अर्थ, गुण आंबटपणाचा नव्हता. हा फरक वर्गातही दाखवता येतो. भाताच्या पेजेत टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग आणावा आणि तिचे दोन भाग करावेत. एकात लिंबाचा रस थेंबथेंब घालावा, दुसऱ्यात व्हिनेगर. लिंबाच्या रसाने निळा रंग जातो, व्हिनेगरने जात नाही. रंग घालवण्याचे हे काम मुख्यतः क जीवनसत्त्वाचे असते.

लिंड यांना मात्र आपल्याच प्रयोगाचा पूर्ण अर्थ उमगला नाही. रस टिकावा म्हणून तो तापवून आटवण्याची त्यांची शिफारस होती आणि नेमके त्याच क्रियेत जीवनसत्त्व नष्ट होत असे. ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ मध्ये सुरुवात केली. दरम्यान अठ्ठेचाळीस वर्षे गेली होती.

सर्जनाने स्वतःवर केलेला प्रयोग

१९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी गिनीपिगमध्ये स्कर्व्ही निर्माण केला. ही निवड भाग्याची ठरली, कारण उंदरासह बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाप्रमाणे गिनीपिगला ते जमत नाही. १९३३ पर्यंत हा पदार्थ वेगळा करून त्याची रासायनिक रचनाही ठरवण्यात आली.

जखमांचे कोडे अजून उरलेच होते. १९३९ मध्ये बोस्टनमधील जॉन क्रँडन या तरुण सर्जनाने क जीवनसत्त्व नसलेला आहार घ्यायला सुरुवात केली. त्यात पाव, चीज, अंडी असे पदार्थ होते आणि इतर जीवनसत्त्वे वेगळी दिली जात होती. सुमारे सहा आठवड्यांत रक्तद्रवातील क जीवनसत्त्व शून्यावर आले. तरीही तिसऱ्या महिन्यात मुद्दाम केलेली जखम नेहमीसारखी भरली. साडेचार महिन्यांच्या सुमारास रोमकूपांशी त्वचा खरखरीत झाली, मग तेथे रक्ताचे बारीक ठिपके उमटले. सहा महिन्यांनी पुन्हा पाठीवर छेद घेऊन टाके घातले. दहा दिवसांनी तपासले, तेव्हा वरची त्वचा जुळलेली दिसत होती, पण आत सांधणारे ऊतक नव्हते, नुसते रक्त साचलेले होते. त्यानंतर शिरेतून रोज क जीवनसत्त्व दिले आणि तीच जखम भरून आली.

दोराचा पीळ

याचे मूळ कोलॅजेन या प्रथिनात आहे. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्यांच्या भिंती, हाडे आणि व्रण या सर्वांना बळकटी देणारे हे धागे तीन पदरी दोरासारखे पिळलेले असतात. पीळ टिकण्यासाठी त्यातील काही अमिनो आम्लांवर ऑक्सिजन व हायड्रोजनचा एक गट जोडावा लागतो. हे काम करणाऱ्या विकरात लोह असते आणि ते लोह कार्यक्षम ठेवण्याचे काम क जीवनसत्त्व करते. ते नसेल तर शरीराच्या तापमानाला दोराचा पीळ टिकत नाही.

मग पन्नास वर्षांची जखम का उघडते? कारण भरलेला व्रण ही बांधून संपलेली भिंत नसते. तेथील जुने कोलॅजेन मोडत राहते आणि नवे तयार होत राहते. नवे येणे थांबले, पण मोडणे चालूच राहिले, की जोड सुटतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफिल्ड येथे स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगांत रोज १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व स्कर्व्ही टाळायला पुरते असे दिसले. त्यातील व्रणांच्या नोंदी २०२१ मध्ये पुन्हा तपासल्या गेल्या. बहुतेक सर्वांचे व्रण पुरेसे मजबूत व्हायला त्याच्या कितीतरी पट मात्रा लागते, असा निष्कर्ष निघाला. रोग न दिसणे आणि शरीराची गरज भागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर 'आंबट खाल्ले की जखम चिघळते' म्हणून लिंबू, संत्रे, आवळा वर्ज्य करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. वरचा इतिहास नेमके उलटे सांगतो. आहार मुळात पुरेसा असेल तर जादा गोळ्यांनी जखम झटपट भरते असे नाही. पण आधीच निकृष्ट आहार घेणाऱ्या रुग्णाच्या ताटातून डॉक्टरांनी मना केलेले नसताना फळे काढून घेणे योग्य नव्हे. सर्जन टाके घालून जखमेच्या कडा जवळ आणतो. त्या जोडायचे काम शरीराचे असते आणि त्याची सामग्री ताटातूनच यावी लागते.