ऑफिसच्या ग्रुपवर फुकट वेबसाइटची लिंक टाकण्याआधी हे वाचा

ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: "फाइल फार मोठी आहे, लहान कशी करायची?" पाच मिनिटांत कोणीतरी एखाद्या फुकट वेबसाइटची लिंक टाकतं आणि काम होऊन जातं. पण त्या फाइलमध्ये पगारपत्रक किंवा कोणाचं आधार कार्ड असेल तर?

म्हणूनच सहकाऱ्यांना पाठवण्यासारख्या काही फुकट वेबसाइट्स आणि त्या वापरताना घ्यायची काळजी, दोन्ही पाहू.

कोणत्या वेबसाइट्स उपयोगी आहेत?

वेबॅक मशीन: बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या वेबपेजच्या जुन्या प्रती इथे तारखेनुसार पाहता येतात. अर्थात, प्रत्येक पेज सापडेलच असं नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह' या अमेरिकेतल्या ना-नफा संस्थेची ही सेवा २००१ पासून सर्वांसाठी खुली आहे. एखादं पेज तुम्ही स्वतःही इथे जतन करू शकता.

स्क्वूश: फोटोची साइज कमी करण्यासाठी. गूगलच्या क्रोम टीमने बनवलेलं हे टूल सगळं काम तुमच्या ब्राउझरमध्येच करतं. फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जात नाही.

हॅव आय बीन पॉन्ड: तुमचा ईमेल एखाद्या डेटा चोरीत उघड झालाय का, ते इथे कळतं. ऑस्ट्रेलियाचे सायबर सुरक्षा तज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये ती सुरू केली. ईमेल सापडला तर त्या खात्याचा पासवर्ड लगेच बदला.

व्हायरसटोटल: संशयास्पद लिंक किंवा फाइल अनेक अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासून मिळते. २०१२ पासून ही सेवा गूगलकडे आहे. मात्र इथे टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही पाहता येते. त्यामुळे ऑफिसची गोपनीय फाइल इथे टाकू नका.

मराठी विश्वकोश: मराठीत माहिती हवी असेल तर महाराष्ट्र सरकारचा हा विश्वकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो.

लिंक पाठवण्याआधी काय तपासायचं?

१. फाइल कुठे जाते? पेज उघडल्यावर इंटरनेट बंद करा आणि एखादी साधी, बिनमहत्त्वाची फाइल टाकून पाहा. तरीही काम झालं तर प्रक्रिया तुमच्याच कॉम्प्युटरवर होते आहे. नाही झालं तर फाइल बाहेर जाते असं धरून चला.

२. वेबसाइट कोण चालवतं? संस्थेचं नाव आणि गोपनीयता धोरण सापडत नसेल तर लिंक पुढे पाठवू नका.

३. ती काय मागते? फाइल बदलून देण्यासाठी सॉफ्टवेअर डाउनलोड करायला सांगत असेल तर थांबा. फुकट फाइल कन्व्हर्टरच्या नावाखाली कॉम्प्युटरमध्ये मालवेअर टाकलं जातं, असा इशारा एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मार्च २०२५ मध्ये दिला होता.

लिंक कशी पाठवायची?

"गूगलवर शोध, मिळेल" असं सांगू नका. सर्चमध्ये सारख्या नावाच्या बनावट साइट्सही दिसू शकतात. थेट पत्ता पाठवा आणि सोबत दोन ओळी लिहा: ही वेबसाइट कशासाठी आहे आणि तिथे काय टाकायचं नाही. दुसरी ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. बाहेर गेलेली फाइल मात्र परत आणता येत नाही.