दुकानात एसी लावायचा का?

आजचा इतिहास राजांचा नाही, एका आकड्याचा आहे: बसून काम करायला किती तापमान बरं?

चंद्रपूरला बाबांचं कापडाचं दुकान आहे. यंदा तिथे एसी लावायचा का, यावर घरात वाद झाला. मी पुण्यात कोड लिहितो. आमच्या ऑफिसात भर मे महिन्यात लोक जॅकेट घालून बसतात. म्हणून शोधायला बसलो.

१९७० मध्ये डेन्मार्कच्या ओले फँगर यांचं ‘थर्मल कम्फर्ट’ हे पुस्तक आलं. त्यातलं सूत्र बंद खोलीत बसवलेल्या अमेरिकी आणि डॅनिश विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांतून आलं होतं. एसी इमारतींत ते बरं चालायचं. खिडक्या-पंख्यांच्या इमारतींत मात्र गणित फसायचं, कारण सूत्राला जे गरम वाटे, ते तिथल्या माणसांना चालत असे. १९९८ मध्ये रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी १६० इमारतींतल्या सुमारे २१,००० नोंदींवरून हे दाखवलं. खिडकी आपल्या हातात असली की माणूस ऋतूशी जुळवून घेतो.

मग आपल्याकडे अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अहमदाबाद, दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि शिमल्यातल्या १६ ऑफिस इमारतींत सहा हजारांहून जास्त उत्तरं गोळा केली. निघालं असं: बाहेरची ३० दिवसांची सरासरी एक अंशाने चढली, की खिडकी-पंख्याच्या इमारतीत आरामाचं तापमान साधारण अर्ध्या अंशाने चढतं. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत हे आलं.

पण गोम पुढेच आहे. हे सूत्र बाहेरची सरासरी ३१ अंश असेपर्यंतचं. चंद्रपूर-गडचिरोलीचा मे त्याच्या बराच वर जातो, आणि त्या पाच शहरांत विदर्भातलं एकही नाही. दुपारी ४५ अंशांत खिडकी उघडणं म्हणजे भट्टीचं दार उघडणं. हवाच अंगापेक्षा गरम, तर नुसता पंखा काय करणार?

बाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी शटर अर्धं खाली, कूलरची ताटी ओली, आणि झरोके उघडायचे ते रात्री. फक्त आता रात्रीही भिंती निवत नाहीत, ही त्यांची तक्रार.

शेवटी ठरलं: एसी थांबवायचा, आधी गच्चीला चुना मारायचा. गल्ल्यावर थर्मामीटर आणि वही ठेवलीय. गिऱ्हाईक बसलं की बाबा विचारतात, “गरम होतं का जी?” आणि उत्तर लिहितात. एका दुकानाच्या वहीतून मानक बनत नाही, कबूल. पण आपल्या मे महिन्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवाच ना?

भेटू पुढच्या भागात.