संकेतस्थळ-पत्त्यांची रचना

महाजालावरील पृष्ठ वाचकास व शोधयंत्रास सुलभतेने सापडावे, म्हणून त्याच्या पत्त्यातील घटकांची केलेली मांडणी. पत्त्यात व्यवहारपद्धती, क्षेत्रनाम व मार्ग हे प्रमुख भाग असतात. क्षेत्रनामावरून संकेतस्थळ ओळखले जाते, तर मार्गावरून त्यातील विशिष्ट पृष्ठ. मार्गाचा क्रम सामान्यतः मोठ्या विभागाकडून लहानाकडे जातो.

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न ह्या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये महाजालाची कल्पना मांडली. पत्त्याचे प्रमाणित स्वरूप १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे यांनाच स्थान होते. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी पत्ता म्हणजे बहुधा संगणकातील धारिकेचे नाव असे. पुढे माहितीसंचातून पृष्ठे तयार होऊ लागली, तेव्हा प्रश्नचिन्हे व क्रमांक यांनी भरलेले लांब पत्ते रूढ झाले. एकच पृष्ठ अनेक पत्त्यांवर दिसू लागल्याने शोधयंत्रांचे काम अवघड झाले. अल्टाव्हिस्टा (१९९५), गूगल (१९९८) इ. शोधयंत्रांच्या प्रसारानंतर अर्थपूर्ण शब्दांचे, आटोपशीर व संयोगचिन्हांनी विभागलेले पत्ते देण्याचा प्रघात पडला. अनेक पत्त्यांपैकी मुख्य कोणता, हे पृष्ठातच नोंदविण्याची पद्धत गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी २००९ मध्ये स्वीकारली. पत्त्यातील शब्दांचा शोधक्रमावरील प्रभाव मात्र मर्यादितच असतो. पृष्ठातील मजकूर अधिक महत्त्वाचा ठरतो.

मराठी स्थलनामांच्या बाबतीत या रचनेच्या अडचणी जळगाव जिल्ह्यातील रावेरच्या उदाहरणाने स्पष्ट होतात. रावेर हे शहराचे, तालुक्याचे, भुसावळ–खांडवा लोहमार्गावरील स्थानकाचे, तसेच विधानसभा व लोकसभा मतदारसंघांचेही नाव आहे. केवळ नाव दिल्यास यांपैकी कोणते पृष्ठ अभिप्रेत आहे, ते कळत नाही. ह्या नावाच्या रूढ रोमन लेखनात दीर्घ ‘आ’ दर्शविला जात नाही. शिवाय तीच अक्षरे इंग्रजीत नाचगाण्याच्या मेळाव्यांत रमणाऱ्या व्यक्तीचाही बोध करतात. म्हणून नावापुढे तालुका, स्थानक, मतदारसंघ यांसारखा शब्द जोडणे इष्ट ठरते.

देवनागरी अक्षरे पत्त्याच्या मार्गात वापरता येतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने पृष्ठांची देवनागरी नावेच पत्त्यांत ठेवली. तथापि संगणकांच्या परस्परव्यवहारात ती सांकेतिक रूपात जातात. ‘रावेर’ या शब्दातील पाच वर्णघटकांचे प्रत्येकी तीन याप्रमाणे पंधरा बाइट होतात व प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन चिन्हांनी लिहिला जातो. परिणामी पाच घटकांचे नाव पंचेचाळीस चिन्हांचे बनते. शोधयंत्र ते वाचू शकते; पण असा पत्ता कागदावर छापला किंवा पत्रात उतरविला, तर वाचकास काहीच बोध होत नाही. क्षेत्रनामासाठी देवनागरी ‘.भारत’ ही सुविधा २७ ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध झाली. ‘खानदेश’ व ‘खान्देश’ अशी दोन लेखने प्रचलित असल्यास एक मुख्य मानून दुसऱ्यावरून वाचकास तिकडे वळविणे आवश्यक असते.

पत्ता टिकाऊ असावा, हे तत्त्व बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये आग्रहाने प्रतिपादिले. खानदेशच्या इतिहासावरून त्याचे महत्त्व कळते. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर त्यांस अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्याने नवापूर, शहादे इ. तालुके धुळे जिल्ह्यात राहिले नाहीत. रावेर लोकसभा मतदारसंघात तर बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरचाही समावेश आहे. जिल्ह्याचे नाव मार्गात गोवल्यास सीमा बदलताच पत्ता चुकीचा ठरतो. तो बदलावा, तर जुने संदर्भ निकामी होतात. अशा वेळी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचे वळण ठेवावे लागते. ते न ठेवल्यास लहान गावांविषयीची मराठीतील तुटपुंजी माहिती अस्तित्वात असूनही वाचकाच्या दृष्टीने नष्टप्राय होते. यास्तव बदलणारी प्रशासकीय विभागणी पृष्ठाच्या मजकुरात द्यावी व पत्त्यात स्थिर, निःसंदिग्ध नाव ठेवावे, हे अधिक श्रेयस्कर होय.